डाव्या बाजूची सीट

क्लाइव्ह गार्बेट मोटारी तपासायला निघाला की त्याच्या कोटाच्या खिशात तीन वस्तू असत: एक बारीक टॉर्च, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा आरसा, आणि नीट टोक काढलेली पेन्सिल. इंग्लंडमधल्या चर्च स्ट्रेटन गावी जुन्या मोटारींच्या क्लबात अठरा वर्षं तो अस्सलपणाचा परीक्षक होता. कुणाच्या बॉनेटखाली पाण्याच्या नळीला नव्या पद्धतीची पट्टी दिसली, अर्धा गुण गेला. स्क्रूच्या डोक्यावर सरळ खाचेऐवजी फुलीची खाच दिसली, पाव गुण गेला. टेलफर्डच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यानं हत्यारं घडवली होती. केसाच्या जाडीएवढा फरक त्याला बोटानं कळायचा, आणि कळला की बोलून दाखवल्याशिवाय राहवायचं नाही.

त्याची स्वतःची गाडी एमजीबी, दोन सीटांची बुटकी स्पोर्ट्स मोटार, १९६८ सालची, गर्द हिरवी. ती त्यानं गंजलेल्या सांगाड्यापासून एकोणीस वर्षं खपून उभी केली होती. पावसात ती बाहेर निघत नसे. उन्हातही निघायची ती आकाशाकडे दोनदा बघून.

क्लबात हॉवेल प्रॉसर आला आणि क्लाइव्हची झोप उडाली.

हॉवेल पन्नाशी ओलांडलेला, हसतमुख, कॉम्प्युटरच्या कामातून लवकर निवृत्त झालेला. त्याच्याकडेही एमजीबीच, तीही १९६८ ची. फक्त तिच्यात जपानी इंजिन होतं, मूळच्या दुप्पट ताकदीचं. चाकांवरचे पत्रे कापून रुंद केलेले. स्टिअरिंगला विजेची मोटर, एसी, आणि रंग गाजरासारखा. पबच्या अंगणात ती गाडी उभी राहिली की पोरंटोरं, बायका, कुत्रं फिरवायला निघालेले म्हातारे, सगळे तिच्याभोवती. हिरव्या गाडीकडे कुणी आलंच तर लांबून हात मागे बांधून बघायचं, देवळात बघतात तसं.

‘‘ही गाडी नाही, हे सोंग आहे,’’ क्लाइव्ह पहिल्याच मंगळवारी पबमध्ये म्हणाला. ‘‘अंगावर कपडे आमचे, आत माणूस भलताच.’’

‘‘पण माणूस सकाळी हाक मारली की उठतो ना,’’ हॉवेल म्हणाला. ‘‘तुमच्या माणसाला उठवायला किती वेळ लागतो?’’

‘‘थंडीत चार मिनिटं. त्याला उठवण्यातच मजा आहे.’’

‘‘मजा तुला,’’ क्लाइव्हची बायको ग्लेनिस पोर्क भरलेल्या पेस्ट्रीचा तुकडा मोडत म्हणाली. ‘‘चार मिनिटं धूर मी खाते.’’

सगळे हसले. डोरीन टिमिस तर ग्लास खाली ठेवून हसली. डोरीन क्लबची सचिव, निवृत्त शाळामास्तरीण. ‘‘क्लाइव्ह, उगाच सोवळं नेसू नकोस. चौऱ्याहत्तर साली आपण सगळे गाड्या कापतच होतो. मी माझ्या गाडीला हा एवढा जाड सायलेन्सर लावला होता. वडील महिनाभर बोलले नव्हते माझ्याशी.’’

‘‘आणि यानं पहिल्या गाडीच्या स्प्रिंगा करवतीनं कापल्या होत्या,’’ ग्लेनिस म्हणाली. ‘‘खाली बसली म्हणजे शर्यतीची दिसेल म्हणून. लग्नाआधी त्या गाडीत बसून माझी पाठ मोडली ती मोडलीच.’’

‘‘तेव्हा आपण अडाणी होतो,’’ क्लाइव्ह म्हणाला.

‘‘तरुण होतो रे,’’ ग्लेनिस म्हणाली.

इथवर हे सगळं गाड्यांबद्दल होतं. गाडीवरून भांडायला क्लाइव्हला मनापासून आवडायचं. बिघडलं ते एप्रिलात.

त्या दिवशी मीटिंगनंतर हॉवेलनं ग्लेनिसला सहज विचारलं, ‘‘एक चक्कर मारता का?’’ आणि ती सहज गेली. तासाभरानं परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते, केस विस्कटले होते, आणि ती लडलो गावापर्यंत जाऊन आल्याचं सांगत होती. क्लाइव्ह हसला. आतून मात्र कुणीतरी गरम सळई फिरवल्यासारखं झालं. त्यानं मोजलं: लडलो जाऊन येऊन बत्तीस मैल. म्हणजे तासात एवढं अंतर, अन् वर बाई ताजीतवानी.

घरी जेवताना ग्लेनिसनं काटा खाली ठेवला. ‘‘क्लाइव्ह, यंदा जूनच्या फेरीत मी आपल्या गाडीत नाही बसणार.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘खुबा दुखतो. ती सीट जमिनीला टेकलेली. आत जाते ती पडते, बाहेर येते ती ओढून. आणि पेट्रोलचा वास. दोन दिवस डोकं उठत नाही उशीवरून. गेल्या वर्षी सांगितलं, त्याच्या आदल्या वर्षी सांगितलं. तू म्हणालास, उशी घे. मग उशी घेतली तर म्हणालास, फोटोत दिसते.’’

‘‘मग मी यंदा...’’

‘‘हॉवेलच्या बहिणीचं मनगट मोडलंय. त्याला रस्ता सांगायला कुणी नाही. मी हो म्हणाले.’’

क्लाइव्हनं बटाटा कापला, अगदी सारखे चार भाग केले, आणि एकही खाल्ला नाही.

जूनची फेरी म्हणजे क्लबचं वर्ष. शंभर मैल डोंगराळ रस्ते, हातात चौकांच्या खुणांची वही, आणि सात नाके. प्रत्येक नाक्यावर ठरलेल्या मिनिटाला पोचायचं. उशीर झाला तरी गुण जातात, लवकर पोचलात तरी जातात. चालवणाऱ्यानं जागचं हलायचं नाही. शेजारच्यानं उतरून, टेबलापर्यंत चालत जाऊन कार्ड द्यायचं. म्हणून फेरी जिंकते ती डावीकडची सीट, असं सगळे म्हणत. ग्लेनिस त्या सीटवर, आधी दुसऱ्या गाडीत आणि मग हिरव्या गाडीत, एकतीस वर्षं बसली होती. चांदीच्या कपावर ‘सी. आणि जी. गार्बेट’ अकरा वेळा कोरलेलं होतं. फेरीच्या संध्याकाळी तिच्या केसांना पेट्रोलचा वास यायचा. तिला तो नकोसा व्हायचा हे क्लाइव्हला माहीत होतं. त्याला मात्र तो आवडायचा, आणि हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं.

आता कपावर काय कोरणार, ‘एच. प्रॉसर आणि जी. गार्बेट’? त्याच्या डोळ्यांसमोर ती अक्षरं यायची, त्यांचा आकार, त्यांच्यामधलं अंतरसुद्धा. दाढी करताना यायची, बागेत वाटाण्याला काठ्या लावताना यायची.

मे महिन्याच्या बैठकीत त्यानं कागदावर लिहून आणलेला एक नियम वाचला. फेरीत भाग घेणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर कारखान्यात बॉनेटखाली बसवलेली, चासी नंबर ठोकलेली मूळ नंबरपट्टी असली पाहिजे. नक्कल चालणार नाही. पट्टी नाही, तर गाडी नाही.

‘‘हे एकदम कुठून आलं?’’ डोरीननं चष्म्यावरून पाहिलं.

‘‘क्लब जुन्या मोटारींचा आहे. मोटार जुनी आहे याला काहीतरी पुरावा नको?’’

पुराव्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. गेल्या महिन्यात हॉवेलचं बॉनेट उघडं असताना त्यानं नंबरपट्टीची जागा पाहिली होती. तिथं नुसती दोन भोकं होती. तो सगळा पत्रा नवीन नारिंगी रंगानं चकचकत होता.

हॉवेलनं नियमाला हात वर केला. ‘‘चांगला नियम आहे,’’ तो म्हणाला. क्लाइव्हला वाटलं, बिचाऱ्याला कळलंच नाही. त्या रात्री तो एप्रिलनंतर पहिल्यांदा शांत झोपला.

फेरीच्या सकाळी पबचं अंगण सव्वीस गाड्यांनी भरलं. बेकनचे पाव, चहा, इंजिनांचे खोकले. क्लाइव्ह एकटाच आला होता, स्वतः उतरून कार्ड द्यायची परवानगी काढून, शेजारच्या सीटवर वही आणि होकायंत्र ठेवून. ग्लेनिस हॉवेलच्या गाडीतून उतरली. निळा स्कार्फ, हातात तिची जुनी लाकडी पाटी. ती पाटी क्लाइव्हनंच बनवून दिली होती.

डोरीन हातात भिंग घेऊन एकेक गाडी तपासत आली. नारिंगी गाडीपाशी थांबली. क्लाइव्हही सहज आल्यासारखा तिथं येऊन उभा राहिला.

‘‘पट्टी?’’

हॉवेलनं डिकी उघडली. आतल्या बाजूला, छोट्या लाकडी फळीवर, दोन मूळ खिळ्यांनिशी पट्टी बसवलेली होती. खरचटलेली, कोपऱ्यात वाकलेली, एका टोकाला कारखान्यातला रंगाचा ओघळ तसाच. ‘‘रंग देताना खराब होईल म्हणून काढून ठेवली,’’ हॉवेल म्हणाला. ‘‘ही पुन्हा मिळाली नसती.’’

डोरीननं भिंगातून पाहिलं, मान हलवली, आणि शेजारच्या हिरव्या गाडीकडे वळली. ‘‘तुझी बघण्यात अर्थ नाही, पण नियम तुझाच आहे. उघड.’’

क्लाइव्हनं बॉनेट वर केलं. पट्टी आरशासारखी लखलखत होती. डोरीन वाकली. मग आणखी वाकली. मग हॉवेलच्या डिकीपाशी जाऊन परत आली.

‘‘क्लाइव्ह, त्याच्या पट्टीवरचे आकडे वाकडेतिकडे आहेत. एकेक हातानं ठोकलेला. तुझे सगळे एका रेषेत.’’

आणि तेव्हा क्लाइव्हला आठवलं. अठरा वर्षांपूर्वी, गाडी पुरी होत आली असताना, मूळ पट्टी फारच कळकट दिसत होती. एवढ्या सुंदर गाडीवर ती शोभेना, म्हणून त्यानं बर्मिंगहॅमहून हुबेहूब नवी मागवली होती. आकडे स्वतः साचा धरून ठोकले होते. इतके सरळ आकडे कारखान्यातल्या घाईत कुणीच ठोकले नसते. नंतर अठरा वर्षं तो त्या पट्टीपुढे ‘अस्सल, पूर्ण गुण’ लिहीत आला होता.

‘‘ही मूळची आहे का?’’ डोरीननं विचारलं. सगळं अंगण ऐकत होतं.

हत्यारं घडवणाऱ्या माणसाला दुसरं काहीही जमेल, मापाबद्दल खोटं बोलणं जमत नाही. ‘‘नाही,’’ क्लाइव्ह म्हणाला. ‘‘मूळची घरी आहे. शेडमध्ये.’’

‘‘टॉफीच्या डब्यात,’’ ग्लेनिस म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

घर तासाभराच्या वाटेवर होतं, आणि पहिली गाडी दहा मिनिटांत सुटणार होती. कुणीतरी मागून म्हणालं, ‘‘पट्टी नाही, तर गाडी नाही!’’ आणि अंगणभर हशा पिकला. डोरीन हसली नाही. तिनं त्याच्या हातात पिवळं जाकीट, शिक्का आणि घड्याळ दिलं. ‘‘तिसऱ्या नाक्यावर माणूस कमी आहे. माथ्यावर. जातोस का?’’

लाँग मिंड डोंगराच्या माथ्यावर वारा असा होता की घडीचं टेबल दगड ठेवून धरावं लागलं. मेंढ्या त्याच्याकडे बघून रवंथ करत होत्या. गाड्या मिनिटामिनिटाच्या अंतरानं वर येत होत्या. क्लाइव्ह शिक्का मारत होता, वेळ लिहीत होता, आणि त्याचे कान घाटाकडे लागले होते. प्रत्येक इंजिन त्याला आवाजावरून ओळखू यायचं. हे धापा टाकत येणारं मर्विनचं, हे खडखडणारं डॉक्टरांचं. मग एक आवाज आला जो धापा टाकत नव्हता, खडखडत नव्हता. एका पट्टीत गुणगुणत, चढ आहे की नाही हे न विचारता वर येत होता. त्या आवाजात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

नऊ नंबर. ठरलेली वेळ अकरा बेचाळीस.

नारिंगी गाडी थांबली. डावं दार उघडलं. ग्लेनिसनं एक पाय खाली ठेवला, दुसरा ठेवला, आणि उभी राहिली. बस, एवढंच. कुणाचा हात नाही, दाराला लोंबकळणं नाही, तोंड वाकडं नाही. हिरवळीवरून ती ताठ चालत त्याच्याकडे आली, हातात कार्ड घेऊन, वाऱ्यात स्कार्फ सावरत.

गेल्या वर्षी प्रत्येक नाक्यावर नाकेदार स्वतः उठून त्यांच्या गाडीच्या खिडकीपाशी आले होते. क्लाइव्हला वाटलं होतं, अकरा वेळा जिंकलेल्यांचा मान ठेवतायत. आता त्याला कळलं की ते ग्लेनिसची कीव करत होते. आणि तिच्या शेजारी बसून त्याला एकट्यालाच ते दिसलं नव्हतं.

ती टेबलाशी थांबली. काटा बेचाळीसवर आला तसं तिनं कार्ड पुढे केलं. ती जवळ आली तरी तिच्या केसांना कसलाच वास नव्हता. गवताचा होता थोडासा.

‘‘गाडी कशी आहे?’’ त्यानं विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

‘‘मऊ,’’ ती म्हणाली. ‘‘आणि हॉवेल सांगितलेलं ऐकतो. डावीकडे म्हटलं की डावीकडे वळतो. तू निदान तीनदा विचारतोस, नक्की का?’’

क्लाइव्हनं शिक्का मारला आणि वेळ लिहिली. ११:४३.

लिहून झाल्यावरच त्यानं ती वाचली. हात आपोआप गेला असं म्हणायची सोय नव्हती. मनानं हाताला सांगितलं होतं आणि हातानं ऐकलं होतं. एका मिनिटाचे दहा गुण जातात, चुकलेल्या खुणेचे दोन, आणि कप एकदोन मिनिटांनीच हुकतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

ग्लेनिसनं कार्ड पाहिलं. घड्याळ दोघांच्या मधे टेबलावर होतं, काटा बेचाळीसच्या जरा पुढे. मागे हॉवेल स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ समोर बघत बसला होता, नियमाप्रमाणे.

‘‘क्लाइव्ह,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘तीनचे दोन कर.’’

‘‘वाऱ्यानं हात हलला.’’

‘‘हो का? बरोबर एक मिनिटाचा वारा आला.’’

त्यानं तीनावर काट मारून दोन लिहिलं. दुरुस्ती केली की नाकेदारानं शेजारी आद्याक्षरं घालायची, हाही नियम. त्यानं ‘सी. जी.’ घातलं. त्याची अक्षरं नेहमी सुबक असत, ही दोन वाकडी आली. ग्लेनिसनं कार्ड घेतलं, क्षणभर त्याच्या पिवळ्या जाकिटाची वर गेलेली कॉलर नीट केली, आणि चालत परत गेली. सीटवर बसली, पाय आत घेतले, दार लावलं. तिनं हातानं दाखवलं तसं हॉवेल डावीकडे वळला. एकदाच सांगितल्यावर.

उरलेल्या सोळा गाड्यांची कार्डं क्लाइव्हनं सेकंदाला धरून लिहिली.

संध्याकाळी पबमध्ये निकाल लागला. हॉवेल आणि ग्लेनिस पहिले, चार गुणांच्या फरकानं. डोरीन कार्डं चाळत होती. नऊ नंबरच्या कार्डावर थांबली. ‘‘तिसऱ्या नाक्यावर ही खाडाखोड कसली?’’

क्लाइव्हची कानशिलं तापली. त्यानं तोंड उघडलं.

‘‘वर वारा फार होता,’’ ग्लेनिस म्हणाली आणि पेस्ट्रीला मोहरी लावायला लागली.

टाळ्या वाजल्या. कुणीतरी हॉवेलच्या पाठीवर थाप मारली, कुणीतरी ग्लेनिसचा हात वर धरला. क्लाइव्हनंही टाळ्या वाजवल्या आणि बाहेर अंगणात आला. नारिंगी गाडीचं डावं दार नुसतं लोटलेलं होतं. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आत बसला.

सीट त्याला पडू देत नव्हती, धरत होती. बाजूला एक खटका होता. ओढला तर सीट चार बोटं वर आली. त्यानं खिशातून टॉर्च काढली आणि वाकून खाली पाहिलं. चार बोल्ट. त्यानं बोटानं त्यांच्यातलं अंतर मोजलं, मग पुन्हा मोजलं.

‘‘मूळच्याच भोकांत बसवलीय,’’ हॉवेलचा आवाज आला. तो दोन ग्लास घेऊन उभा होता. ‘‘मधे एक पट्टी करून घातली. पत्र्याला नवीन भोक पाडलेलं नाही.’’

‘‘जुनी सीट कुठंय?’’

‘‘माळ्यावर. चादरीत गुंडाळून. सगळंच आहे माळ्यावर, विल्हेवाट कशाचीच लावली नाही. इंजिन, गिअरबॉक्स, स्क्रूसुद्धा, डब्यांवर चिठ्ठ्या लावून. चाकांवरचे पत्रे तेवढे कापले. त्याबद्दल तुम्ही मला शिव्या घाला, मी ऐकून घेईन.’’

क्लाइव्हनं शिव्या घातल्या नाहीत. आपल्या गाडीचे जुने दरवाजे, जुने पत्रे आपण वीस वर्षांपूर्वी भंगारात टाकले, जागोजाग नवे सुबक बसवले, हे तो बोलला नाही. या सोंगाड्याकडे १९६८ सालचं लोखंड आपल्यापेक्षा जास्त निघावं! हे त्याला सगळ्यात जास्त झोंबलं, कपापेक्षाही.

‘‘ही मधली पट्टी कितीची? सहा मिलिमीटर?’’

‘‘आठ.’’

‘‘सहा पुरली असती,’’ क्लाइव्ह म्हणाला, आणि ग्लास घेतला.

सहाचीच पट्टी त्यानं शेडमध्ये घडवली, जुलैचे तीन आठवडे खपून, कडा गोल करून. एका मोडीत निघालेल्या छोट्या जपानी गाडीची सीट आणली. तिला हिरव्या गाडीतल्यासारखं काळं चामडं शिवून घेतलं. मूळ सीट चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. पेट्रोलची कापडी विणीची नळी त्यानं हट्टानं जुन्या पद्धतीची बसवली होती. आजकालचं पेट्रोल तिच्यातलं रबर आतून खातं हे त्याला चांगलं माहीत होतं. ती कापून काढली, तेव्हा आतून काळा चिखल निघाला. नवी नळी बसवली, नव्या पद्धतीच्या पट्टीनं आवळली. अर्धा गुण. टॉफीच्या डब्यातली कळकट पट्टी तिच्या जागी परत गेली. आणि परीक्षकाचा आरसा त्यानं डोरीनला नेऊन दिला. ‘‘यंदा दुसरं कुणीतरी बघा,’’ एवढंच म्हणाला.

ऑगस्टच्या एका रविवारी त्यानं ग्लेनिसला हाक मारली. ती ओल्या हातांनी बाहेर आली. डावं दार उघडं होतं. तिनं सीटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आत बसली. खटका ओढला, वर झाली. नाक वर करून एक मोठा श्वास घेतला.

क्लाइव्ह दाराशी उभा होता. एवढा जीव मुठीत धरून तो कधी निकालाची वाट बघत उभा राहिला नव्हता.

‘‘हॉवेलनं पुढच्या वर्षासाठी आत्ताच विचारलंय,’’ ग्लेनिस म्हणाली.

‘‘तू काय म्हणालीस?’’

‘‘म्हटलं, ईस्टरला सांगते.’’ तिनं दार ओढून घेतलं. ‘‘त्याच्या गाडीत सीट गरमसुद्धा होते, बरं का.’’

क्लाइव्ह वळसा घालून उजवीकडे आला. आकाशात पश्चिमेला ढग होते, चांगले काळे. त्यानं एकदा वर पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं नाही. बसला, किल्ली फिरवली, आणि इंजिन दोनतीनदा खोकून सुरू झालं.

‘‘डावीकडे,’’ ग्लेनिस म्हणाली.

‘‘नक्की...’’ त्याच्या ओठावर आलं होतं. तो डावीकडे वळला.